गिरणीचं अजून ठरायचंय

सोजराबाई होती तोवर यशवंतरावांच्या घरात भांडल्याशिवाय काही ठरत नसे. भिंतीला रंग कोणता द्यायचा, प्राजक्ताला कोणत्या कॉलेजात घालायचं, चहात आलं किती घालायचं, सगळ्यावर आधी भांडण व्हायचं आणि मग ठरलं तर ते ठरायचं. पद्धत अशी होती की यशवंतरावांनी काहीतरी बोलून टाकायचं. ते त्यांच्या मनात असेलच असं नाही. सोजराबाईनं त्याला आडवं लावायचं. मग दोन्हीकडून तोफा सुटायच्या, गॅसवरची भाजी करपायची, आणि शेवटी जे उरायचं ते खरं धरायचं. बहुतेक वेळा ते शहाणपणाचं असायचं. पण ते मुळात दोघांपैकी कुणाचं होतं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

मतदानाला दोघं एकाच स्कूटरवरून जायची आणि एकमेकांचं मत खोडून परत यायची. शेजारचा हनीफ एकदा म्हणाला, "वहिनी, असंच करायचं तर दोघं घरीच बसा की. हिशोब तोच."

सोजराबाई म्हणाली, "मी बसले असते. पण ह्ये मागल्या दारानं जाऊन टाकून आले असते."

त्यांचं घर कुरुळीत, कंपन्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये सोजराबाईची पिठाची गिरणी होती. यशवंतरावांची सगळी नोकरी चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला गेली. निवृत्त झाल्यावर तेही गिरणीत बसू लागले, पण मालकीण तीच. हे डबे उचलायचे, ती दळायची. शेडला लागून हनीफचं दुचाकीचं गॅरेज. दळण घेऊन आलेल्या बायका, शिफ्ट सुटून आलेली माणसं, पंक्चरवाले, सगळे तिथंच टेकायचे. गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजावरून बोलायचं म्हणजे ओरडावं लागे, त्यामुळे साधं मतसुद्धा भांडणासारखं वाटायचं. आणि मतं तर सगळ्यांकडे होती. हनीफ एका पक्षाचा, यशवंतराव दुसऱ्याचे. सोजराबाईचा पक्ष ठरलेला नव्हता. जो निवडून येईल त्याच्या विरोधात ती दुसऱ्या दिवसापासून असायची.

फोनमधल्या कंपन्यांवर तिचा विशेष राग. "फुकट देत्यात म्हंजे कुठंतरी आपल्याला कापत्यात. मी फुकट दळून दिलं तर तुमी पीठ मोजून घ्याल का न्हाई?" दहा मिनिटांत किराणा घरपोच देणाऱ्या कंपनीची पोरं रस्त्यावरून सुसाट जायला लागली, तेव्हा तिनं हात कमरेवर ठेवून विचारलं होतं, "धा मिन्टांत पीठ येतं म्हंता. मग दळलं कवा? गेल्या दिवाळीला?"

तेव्हा यशवंतराव कंपनीच्या बाजूनं बोलले होते. जग पुढं चाललंय, म्हणाले होते. त्यांना त्या कंपनीचं काही पडलेलं नव्हतं. पण एक बाजू तिनं घेतली म्हटल्यावर दुसरी कुणीतरी घ्यायला नको?

मग सोजराबाई गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, आणि घरी आणली ती बोलत नव्हती. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही. ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहीत आहे.

दहावा झाला, तेरावा झाला. पाहुणे आपापल्या गावी गेले. यशवंतरावांनी गिरणी पुन्हा सुरू केली, कारण सकाळी उठून दुसरं करायचं काय? गिऱ्हाईक तुटलं नाही. सगळे येत होते, डबा ठेवत होते, हळू आवाजात विचारत होते, "बरंय ना अण्णा?" आणि अण्णा काही बोलले की मान हलवत होते.

पहिल्यांदा यशवंतरावांना ते बरं वाटलं. मग जरा विचित्र वाटायला लागलं. झेडपीची निवडणूक तोंडावर आली होती. एके दिवशी त्यांनी मुद्दामच हनीफच्या शेपटीवर पाय दिला.

"हनीफ, तुझा उमेदवार अगदीच बिनकामाचा आहे. हायवेला गाड्या तासतास उभ्या असतात, त्या त्याच्यामुळंच."

हनीफ गाडीपाशी बसून चेन बसवत होता. त्याचे कान लाल झाले. तोंड उघडलं. यशवंतराव खुर्चीत सावरून बसले. पण हनीफनं तोंड मिटलं, चेनला तेल घातलं आणि म्हणाला, "खरंय राव तुमचं."

दुसऱ्या दिवशी यशवंतराव म्हणाले, "विचार केला मी. तुझा उमेदवार माणूस चांगला आहे. माझाच फुकटचा."

"खरंय राव."

"अरे, काल मी उलटं म्हणालो होतो!"

"ते पण खरंच होतं," हनीफ म्हणाला आणि पाना शोधायला आत गेला.

मुलगी प्राजक्ता हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. नवरा, मुलगा, वाकडला फ्लॅट. रविवारी ट्रॅफिकमधून वाट काढत यायची. आई असताना दोघींची रविवारी हमखास जुंपायची. फोन आपलं बोलणं ऐकतो की नाही, यावर तर एकदा दोघी जेवायच्या राहिल्या होत्या. आता प्राजक्ता वडिलांपुढे ताट ठेवायची आणि म्हणायची, "अण्णा, तुम्हाला बरं वाटेल ते करा." एका रविवारी तिनं त्यांच्या फोनमध्ये एक बोलणारं ॲप घालून दिलं. "दिवसभर एकटे असता. याच्याशी बोलत जा. मराठी कळतं त्याला."

यशवंतरावांनी दुपारी गिरणी बंद असताना फोन डब्यावर टेकवून उभा केला आणि घसा साफ केला. "मी म्हणतो, माणसानं आयुष्यभर एकाच पक्षाला मत द्यावं. घर बदलतो का आपण सारखं?"

फोन म्हणाला, "आपला विचार फार छान आहे. निष्ठा हे एक महत्त्वाचं मूल्य आहे."

"बरं. आणि मी म्हणतो, दर वेळी पक्ष बदलावा. जन्मभर एकच धोतर नेसल्यासारखं एकालाच काय धरून बसायचं?"

"हाही एक अतिशय समंजस दृष्टिकोन आहे."

"अरे, मग तू आहेस कुणाचा?"

"मी आपल्या मदतीसाठीच आहे."

यशवंतरावांनी फोन पालथा घातला. "हा पण दहाव्याला आला होता वाटतं," ते स्वतःशीच म्हणाले.

असं चाललं असताना एक दिवस त्यांच्या तोंडून ते वाक्य निघालं. बाहेर माणसं बसली होती. लातूरकडचा भिमाजी होता, कंपनीत कंत्राटी कामाला असलेला, ज्वारीची पिशवी घेऊन आलेला. हनीफ होता. पुतण्या कुलदीप गाडीत हवा भरायला थांबला होता. कुलदीप जागांचे व्यवहार करायचा आणि सध्या चौकातल्या फ्लेक्सवर हात जोडून उभा होता, खाली 'भावी' लिहिलेलं. दहा मिनिटांवाली कंपनी कुरुळीत गोडाऊनला रस्त्यालगतची जागा शोधतेय, असं तो सांगत होता.

यशवंतराव म्हणाले, "मग ही घ्या म्हणावं. गिरणी काढून टाकतो आणि जागा कंपनीला देतो."

बोलून त्यांनी वाट पाहिली. सोजराबाईची जागा होती ती. गिरणीचा दगड तिनं पसंत करून आणला होता. असलं बोलल्यावर कुणीतरी खवळून उठायला हवं होतं.

भिमाजी म्हणाला, "बरं होईल अण्णा. दगदग तरी वाचंल."

हनीफ खाली बघत म्हणाला, "खरंय राव."

आणि कुलदीपनं तिथल्या तिथं फोन कानाला लावला.

आजवर यशवंतरावांनी बोललेलं कधी जसंच्या तसं खरं झालं नव्हतं. ते फेकायचे, ती झेलायची. आता फेकलेलं सरळ जाऊन लागलं होतं. आणि मागं तरी कसं घ्यायचं? चारचौघांत बोलले होते. यशवंतरावांचा शब्द म्हणजे शब्द, असं गावात म्हणत. कंपनीत असताना संपाच्या वेळी त्यांनी शब्द पाळला म्हणून तीन माणसांची नोकरी वाचली होती. ते लोक अजून रस्त्यात भेटले की वाकून नमस्कार करत.

त्यांनी रविवारी प्राजक्ताला सांगून पाहिलं. तिचे डोळे भरून आले. पण ती म्हणाली, "आईची आठवण येत असेल ना तिथं सारखी. द्या अण्णा. तुम्हाला बरं वाटेल ते." त्यांनी फोनला सांगितलं. फोन म्हणाला, हा निर्णय धाडसी आणि विचारपूर्वक आहे.

शुक्रवारी कंपनीचा माणूस माप घ्यायला येणार, असं कुलदीपनं कळवलं.

शुक्रवारी सकाळी यशवंतरावांनी शेड झाडून घेतली. गिरणीवरचं पीठ फडक्यानं पुसलं. शेवटचं दळण म्हणून भिमाजीची ज्वारी लावली, तो बाजूला बसून होता. एवढं एक समाधान होतं की गेल्या इतक्या दिवसांत एका गिऱ्हाइकाची तक्रार आली नव्हती. सोजरा असताना रोज कुणीतरी कुरकुर करायचं, बारीक आलं, जाड आलं, गरम आलं. आता कुणी चकार शब्द काढत नव्हतं. त्यांच्या कंपनीत नियम होता, वरून तक्रार नाही म्हणजे माल चांगला. त्या हिशोबानं आपलं दळण सोजरापेक्षाही चांगलं असणार, असं ते धरून चालले होते.

तेवढ्यात हनीफची बायको खैरुन्निसा डबा घेऊन आली. ही सोजराबाईची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एका तव्यावर भाकरी भाजायच्या आणि एका दमात एकमेकींची उणीदुणी काढायच्या. सोजराबाई गेल्यापासून ती गिरणीत फारशी बोलायची नाही. डबा ठेवायची, डबा न्यायची.

आज तिनं डबा ठेवला नाही. झाकण काढलं, मूठभर पीठ घेतलं.

"भाऊ, हात पुढं करा."

यशवंतरावांनी हात पुढं केला. तिनं पीठ त्यांच्या तळहातावर टाकलं.

"काय हाय ह्ये?"

"पीठ आहे, भाभी."

"पीठ न्हाई. वाळू हाय. घराच्या स्लॅबला वापरा."

गॅरेजमधून हनीफ धावत आला. "अगं, काय करतीस? आत चल. सांगितलं होतं ना तुला—"

"तुमी गप बसा! किती दिस गप बसायचं? काल माझे व्याही आले. त्यांच्याम्होरं भाकरी तव्यावर टाकली तर तिचे तुकडे झाले. व्याही म्हन्ले, कुरुळीत हीच पद्धत हाय का? अख्खी आळी वाळू खातीया आन् कुनी बोलत न्हाई! भाऊ, दगडाला टाकी कवा दिली?"

यशवंतरावांची नजर फळीवरच्या छिन्नीकडे गेली. सोजराबाई थोड्या थोड्या दिवसांनी गिरणी उघडायची, हनीफचा वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर चढवायची आणि छिन्नी-हातोडी घेऊन दगडाला खाचा पाडत बसायची. दगड गुळगुळीत झाला की दाणा नुसता घरंगळतो. तिच्यामागे ती छिन्नी कुणी उचललीच नव्हती.

"कुणी काही म्हणालंच नाही," ते म्हणाले.

"कसं म्हन्तील? ह्यांनी सगळ्यांला ताकीद दिलीया. यशवंतरावांला आडवं बोलायचं न्हाई. त्ये म्हन्तील त्याला व्हय म्हनायचं."

यशवंतरावांनी हनीफकडे पाहिलं. हनीफ तेलकट हात कापडाला पुसत राहिला.

"राव, तुम्हीच म्हणालात. दहाव्याला, घाटावर. सगळ्यांसमोर म्हणालात, आता माझ्याच्यानं कुणाशी भांडणं व्हायचं नाही. मी म्हटलं, माणूस खचलाय. आपण सांभाळून घ्यावं."

"अरे गाढवा!" यशवंतराव ओरडले. गिरणी चालू होती म्हणून ओरडावंच लागलं. "माझं भांडणारं माणूस गेलं म्हणून म्हणालो मी! मला भांडण नको असं कधी म्हणालो?"

हनीफनं हातातलं कापड खाली टाकलं. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "म्हणजे मी इतके दिवस... राव, तो हायवेचा विषय काढलात ना तुम्ही, रात्रभर झोपलो नाही मी! रस्ता आमच्या उमेदवाराच्या हातात आहे का? आँ? रस्ता कुणाच्या ताब्यात असतो, एवढं तरी माहीत आहे का तुम्हाला?"

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"खरंय राव म्हणताना जीभ भाजायची माझी!"

"त्ये ऱ्हाऊ द्या," खैरुन्निसा मधे पडली. "आधी गिरणीचं बोला. भाऊ, गिरणी कंपनीला देताय म्हनं. कुनाला इचारलं? सोजरा न्हाई म्हंजे घरात इचारायला कुनीच न्हाई असं वाटलं काय?"

तिच्या म्हणण्याला मान डोलवावी असं यशवंतरावांना फार वाटलं. पण जुनी सवय. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"का देऊ नये? जग पुढं चाललंय. लोकांना घरबसल्या पीठ मिळतं, तुमच्यासारखं डबा घेऊन उन्हात का यावं कुणी?"

"डबा घेऊन येते म्हनून तर चार मान्सं दिसत्यात! त्या फोनमदनं मानूस दिसतंय का?"

भिमाजीनं इतके दिवस दाबून ठेवलेलं तोंड उघडलं. "अण्णा, माझ्या खोलीवरचा पोरगा त्याच कंपनीची पिशवी पाठीवर घेऊन पळतो. जेवायला बसला की फोन वाजतो. ताटावरनं उठून जातो. असल्या कंपनीला जागा देऊ नका बगा."

"ए भिमाजी, असं कसं?" हनीफ म्हणाला. "त्यांच्या गाड्या माझ्याकडं येतात दुरुस्तीला. शेजारी गोडाऊन आलं तर माझा धंदा वाढेल. मी तर म्हणतो, द्या राव!"

"म्हंजे तुमी धंद्यापायी माझ्या सोजराचा दगड उचलायला निघाला?" खैरुन्निसानं डब्याचं झाकण आपटलं.

"तुझ्या फोनवर काल साड्या कोण बघत होतं? तीपण कंपनीच ना?"

"बगत व्हते. घेतली का?"

ज्वारी संपून दगड रिकामा फिरायला लागला तरी कुणाचं लक्ष नव्हतं. भिमाजीनंच जाऊन बटण बंद केलं. आवाज थांबला, तरी सगळे ओरडतच होते. यशवंतराव आता कंपनीच्या बाजूनं जोरात होते. खैरुन्निसाच्या एका बोलण्यावर पेचात पडले, तशी त्यांनी बाजू फिरवली, मग हनीफशी जुंपली. विषय गिरणीवरून निवडणुकीवर गेला, निवडणुकीवरून फोन बोलणं ऐकतो का यावर आला.

त्यात कुलदीप आला. बरोबर कंपनीचा माणूस, कडक शर्ट, हातात मापाचं छोटं यंत्र. दोघं दारात थांबले. त्यांना कुणी या म्हटलं नाही.

"काका," कुलदीपनं आवाज चढवला, "साहेब माप घ्यायला आलेत."

"थांब जरा. अजून ठरायचंय."

"ठरायचंय काय? तुम्ही शब्द दिलाय. मी पुढं बोललोय. आपल्या घरात शब्द म्हणजे शब्द, हे तुम्हीच शिकवलंय मला."

हे खरं होतं. यशवंतराव खाली बसले. हातावरचं पीठ त्यांनी बोटांत चोळलं. खरखरत होतं.

"कुलदीप," ते म्हणाले, "तुझ्या काकूनं मोडता घातला नाही असा एक तरी शब्द या घरातून बाहेर गेलेला तू पाहिलास का?"

कुलदीपनं आठवून पाहिलं. त्याच्या स्वतःच्या लग्नाची बोलणी याच शेडमध्ये झाली होती. काकूनं हुंड्याचा विषय काढणाऱ्या त्याच्या बापाला पिठाच्या हातानं बाहेर काढलं होतं.

"नाही," तो म्हणाला.

"मग मी बोललो तो अर्धाच शब्द होता. तू तो पुरा समजलास, त्यात तुझी चूक नाही. मी एकटा बोललो, ही माझी चूक. साहेबांना मी सांगतो. तुझं नाव खाली जाऊ देणार नाही."

ते उठले, कंपनीच्या माणसाला खुर्ची पुसून दिली आणि हात जोडले. "साहेब, तुमची फेरी फुकट गेली, माफ करा. आमच्याकडं भांडण झाल्याशिवाय गोष्ट पक्की होत नाही, आणि हे भांडण आजच सुरू झालंय. चहा घेतल्याशिवाय जाऊ नका."

माणूस तरुण होता, हिंगोलीकडचा निघाला. चहा घेता घेता त्यानं विचारलं, "मग साधारण कधी ठरेल, काका?"

"काय सांगावं?" हनीफ म्हणाला. "यांच्या भिंतीच्या रंगावर भांडण्यात दोन दिवाळ्या गेल्या होत्या."

"कुठला ठरला?"

"ठरला नाही. बघा की, तशीच आहे."

माणूस हसला आणि यंत्र खिशात ठेवून गेला. कुलदीप फुरंगटून त्याच्या मागं गेला, पण जाताना वळून म्हणाला, "काका, मला विचाराल तर जागा द्यायलाच पाहिजे. मी सोडणार नाही हां."

"नको सोडू," यशवंतराव म्हणाले. "उद्या ये."

दुपारी त्यांनी गिरणी उघडली. वरचा दगड हनीफ आणि भिमाजीनं मिळून उतरवला. फळीवरून छिन्नी काढली, तिच्या मुठीला सोजराबाईनं जुन्या साडीची चिंधी गुंडाळलेली होती. यशवंतरावांनी ती चिंधी तशीच राहू दिली. हनीफनं आपला चष्मा आणून दिला. पहिला घाव घातला तो तिरका गेला.

"असं न्हाई," खैरुन्निसा डोक्यावर उभी होती. "मधनं कडंला जायचं. ती असं करायची."

"भाभी, मी आयुष्यभर मशिनी दुरुस्त केल्या."

"मग ही का बिघडली?"

फोन डब्यावर वाजला. प्राजक्ताचा होता. जेवलात का, विचारत होती. यशवंतराव म्हणाले, "प्राजक्ता, रविवारी ये. आणि त्या तुझ्या ॲपबद्दल मला बोलायचंय. मला ते अजिबात पटलेलं नाही." पलीकडून ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही नीट वापरलंच नसेल." तिच्या आवाजात जुनी धार होती. "रविवारी बघू," ते म्हणाले.

संध्याकाळी दगड बसवला, पट्टा चढवला आणि खैरुन्निसाची बाजरी लावली. पहिली धार पडली तशी तिनं चिमूट घेतली, अंगठ्यानं चोळली, तोंड वाकडं केलं.

"जाड हाय अजून."

यशवंतरावांनीही चिमूट घेतली. बोटांत फिरवली. किंचित जाड होती, अगदी किंचित.

"अजिबात जाड नाही!" ते पट्ट्याच्या आवाजावरून ओरडले, आणि दगड थोडा आवळला.